उद्यापासून सायकल

हॅरिस पुलावरची फर्स्ट शिफ्ट

सकाळी सहाच्या आत हॅरिस पुलाच्या दापोडीकडच्या टोकाला उभं राहिलं की आधी आवाज ऐकू येतात. सैल मडगार्डचा खडखडाट, कोरड्या चेनची करकर. मग अंधुक उजेडातून सायकल पुढे येते. मुळा नदीच्या एका काठाला बोपोडी, म्हणजे पुणं, आणि दुसऱ्या काठाला दापोडी, म्हणजे पिंपरी-चिंचवड. शेजारून रेल्वे जाते, आता मेट्रोही जाते. पण या वेळी पुलाची कडेची पट्टी काळ्या, उंच, बिनगिअरच्या सायकलींच्या ताब्यात असते.

पावसाळा सरत आला होता, त्यामुळे बहुतेकांच्या कॅरिअरला रेनकोटची गुंडाळी होती. हँडलला कापडी पिशवीत डबा. उजव्या पायाची पँट मोज्यात खोचलेली, नाहीतर रबरबँडनं आवळलेली. चेन उजवीकडे असते, म्हणून फक्त उजवीच. एकाच्या डोक्यावर हेल्मेट दिसलं. पण ते कंपनीतलं होतं, पिवळं, वरून काही पडलं तर डोकं वाचवणारं.

अंकाचा विषय ‘पहाट’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आमच्या सोसायटीचं पार्किंग आठवलं होतं. जिन्याखाली ओळीनं उभ्या असलेल्या गिअरच्या सायकली, त्यांवरची धूळ, एकीच्या सीटवर अजून कंपनीचं प्लॅस्टिक. प्रत्येकीच्या मालकानं कधीतरी ‘उद्यापासून सायकलनं ऑफिसला’ असं जाहीर केलेलं आहे. कुणी एक जानेवारीला, कुणी पाडव्याला, तर कुणी डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितल्यावर. पहाटे उठून सायकल काढायची उमेद आणायची तरी कुठून, असा त्यांचा सगळ्यांचा सवाल. ज्यांना ती रोज सापडते त्यांनाच विचारावं, म्हणून मी पुलावर आले होते.

चहाच्या टपरीपाशी थांबलेल्या एका काकांना विचारलं. भोसरी एमआयडीसीत फिटर, राहायला बोपोडीत. पहाटे उठायची इच्छा कशी होते, या प्रश्नावर त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि मी थट्टा करतेय का, याचा अंदाज घेतला.

“इच्छा कशाला लागते मॅडम? सातला पंचिंग आहे.”

पुढं जरा बोलते झाले. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड. फर्स्ट असली की पावणेपाचला उठायचं. बायको साडेपाचला डबा भरते. “उठलो नाही तर डबा कुणासाठी केला, हे रात्रीपर्यंत ऐकावं लागेल.” मोटरसायकल आहे, पण ती मुलगा कॉलेजला नेतो. लेटमार्क लागले की पगार कापला जातो. चहा संपवून ते निघाले. सायकलवर बसण्याआधी डाव्या पायडलवर पाय ठेवून दोन-चार पावलं पळाले आणि मग टांग टाकली. ही चढायची पद्धत आता पन्नाशीच्या पुढच्या माणसांतच दिसते.

सायकलवरून येऊन स्कूटर बनवणारे

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्यामागे कुणाची फार मोठी जिद्द नव्हती. गाव टेकड्यांच्या मधल्या बशीत वसलेलं, पेठा एकमेकींना चिकटलेल्या, कॉलेजं आणि सरकारी कचेऱ्या चार-पाच किलोमीटरच्या आत. हवा बरी. बस हवी तेव्हा येत नसे, आणि सायकल तासाच्या भाड्यानंही मिळत असे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुढे किर्लोस्करांची इंजिनं आली, मग पिंपरी-आकुर्डीकडे टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपं. कारखान्याचा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा लोंढा उतरायचा, ही आठवण खडकीतले जुने लोक अजून सांगतात. त्या काळात घरी गजराचं घड्याळ नसलं तरी चालून जाई. भोंग्यानं अख्खी चाळ उठायची, ज्याची ड्यूटी नसे तोसुद्धा.

यातला एक विनोद मला सोडवत नाही. आकुर्डीला ज्या हातांनी स्कूटरी जुळवल्या त्यांतले कितीतरी जण कामावर सायकलनं येत. शहराला सायकलवरून उतरवण्याचं काम अशा रीतीनं सायकलवाल्यांच्याच हातून पार पडलं. ज्यांना परवडलं ते स्कूटरवर गेले, आणि मागे सायकलवर राहिले ते बहुतांशी दुसरा पर्याय नसलेले. २०११च्या जनगणनेनं पहिल्यांदाच लोक कामावर कशानं जातात हे मोजलं. त्यात देशातले, शेतीबाहेरची कामं करणारे, सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जाताना दिसले. बातम्यांत या माणसांचा फोटो सहसा येत नाही. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाणाऱ्या रंगीत जर्सीवाल्यांचा येतो. ते जातात याचा मला आनंदच आहे. फक्त ‘सायकल संस्कृती परत येतेय’ असं लिहिताना ती सोमवारी सकाळी पुलावर मोजावी.

आतलं घड्याळ आणि पहिली आंघोळ

आता ज्यांना पंचिंग नाही त्यांच्याकडे वळू. पहाटे उठणं यांना इतकं जड का जातं? आळस हे उत्तर घराघरांत तयार असतं, पण शरीराचा हिशेब वेगळा आहे.

झोप-जागेचं चक्र चालवणारं घड्याळ आपल्या मेंदूत असतं. पेशींच्या आत ते कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांचं नसतं. हार्वर्डच्या चार्ल्स झायस्लर यांच्या गटानं १९९९ साली दाखवलं की ते सरासरी चोवीस तास दहा-अकरा मिनिटांचं असतं. म्हणजे सोडून दिलं तर ते रोज थोडं मागे पडणार. म्हणूनच रात्री आणखी अर्धा तास जागायला कष्ट पडत नाहीत आणि सकाळी अर्धा तास लवकर उठायला पडतात. त्याला पुढे सरकवतो तो सकाळचा उजेड. ढगाळ सकाळीसुद्धा बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कित्येक पट जास्त असतो. पहाटे बाहेर पडणाऱ्याला पुढच्या रात्री लवकर झोप येते, ती यामुळे. सुरुवात तेवढी उधारीवर करावी लागते.

शिवाय गजर झाल्या झाल्या मेंदू पूर्ण जागा नसतो. झोपेचा अंमल ओसरायला पंधरा मिनिटांपासून तासभर लागू शकतो, आणि सायकल काढायची की नाही याचा निर्णय आपण नेमका त्या धुंदीत घ्यायला बसतो. त्या क्षणी पांघरूणच जिंकणार. पुण्यात मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. एक जानेवारीचे संकल्प मकरसंक्रांतही का बघत नाहीत, याचं अर्धं कारण पंचांगातच आहे. त्यात शिवाजीनगर, पाषाणकडे पारा दहाच्या खाली गेलेला असतो. संकल्पच करायचा तर तो उन्हाळ्यात करावा, म्हणजे उजेड आपल्या बाजूनं असतो.

तरीही वर्षातून एक दिवस असा येतो की एरवी नऊला उठणारं घर काळोखात उठतं. नरकचतुर्दशीला. त्या दिवशी कुणाला प्रेरणा शोधावी लागत नाही. पाणी तापलेलं असतं, उटणं वाटीत भिजवलेलं असतं, आई तेलाचे हात घेऊन उशाशी येते, खालच्या मजल्यावर फटाका वाजलेला असतो, आणि उशीर करणारा नरकात जाणार हे लहानपणापासून ठरलेलं असतं. निर्णय आदल्या रात्रीच झालेला, तयारीही आदल्या रात्रीची, आणि उठवायला दुसरं माणूस. कार्तिकात देवळात महिनाभर काकडआरती चालते, तिथेही हेच. टाळ कोण घेणार, निरांजन कोण लावणार हे वाटून दिलेलं असतं. एखादा आला नाही तर सगळ्यांना कळतं.

परिहार चौक, सहा वीस

औंधमधला एक जण हिंजवडीच्या फेज वनला सायकलनं जातो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय चाळिशीच्या आसपास. अंतर दहा-अकरा किलोमीटर. परिहार चौकातून सहा वीसला निघून रक्षक चौक, वाकड करत सातच्या सुमारास तो गेटवर असतो. “नऊला कारनं निघालो तर तास कुठे गेला सांगता येत नाही. सहाला तो रस्ताच वेगळा असतो. मी लवकर उठतो ते ट्रॅफिक चुकवायला. तब्येत वगैरे नंतर सुचलेलं.” ऑफिसात जिम आहे, तिथे आंघोळ. संध्याकाळच्या गर्दीआधी, चारला परत.

मला त्याच्या उत्साहापेक्षा त्याची व्यवस्था जास्त आवडली. आठवड्यातून फक्त तीन दिवस: सोमवार, बुधवार, शुक्रवार. कारण सोमवारी आणि बुधवारी रात्री अमेरिकेचा कॉल असतो, तो अकराला संपतो, आणि दुसऱ्या दिवशी पाचला उठणं हा मूर्खपणा आहे हे त्यानं मान्य करून टाकलंय. मंगळवारी-गुरुवारी तो कंपनीच्या बसनं जातो. तेव्हाच इस्त्रीचे कपडे ऑफिसच्या कपाटात ठेवतो आणि मळलेले परत आणतो. पाठीवर सॅक घेऊन पेडल मारलं की पाठ घामानं भिजते, म्हणून सायकलच्या दिवशी पाठ मोकळी. रात्री दहाच्या आत सायकल जिन्याखालून काढून दाराशी आणायची, दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे, पुढचा-मागचा दिवा चार्ज झालाय ना बघायचं, पाण्याची बाटली भरायची. सकाळी फक्त चपला शोधायचं काम उरतं, असं तो म्हणतो.

आणि चौकात दुसरा एक जण उभा असतो. दोघांचा करार एका ओळीचा आहे: येणार नसशील तर रात्री दहाच्या आत कळव, सकाळचा मेसेज चालणार नाही. मी याला सगळ्यात हुशार कलम म्हणेन. सकाळी सवलत घ्यायची वाटच बंद. पहाटेच्या धुंद मेंदूकडे मत मागायचंच नाही.

मानसशास्त्रात याला आधार आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात मांडलं की ‘मी सायकल चालवीन’ असा नुसता निश्चय आणि ‘अमुक वाजता अमुक ठिकाणी अमुक करीन’ असं ठरवून ठेवणं यांत फार फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात काम होण्याची शक्यता वाढते. सवय किती दिवसांत लागते, याबद्दल एकवीस दिवसांची एक समजूत सगळीकडे फिरते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर ते तपासलं तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक व कामागणिक फरक १८पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचं फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. मंगळवारी झोपलेल्या सॉफ्टवेअरवाल्यानं हे वाचलेलं नव्हतं. ऐकून खूष झाला.

तब्येतीचे आकडे मात्र त्याला पाठ होते. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली, त्यात सायकलनं कामावर जाणाऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण गाडीनं किंवा बस-रेल्वेनं जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी आढळलं. जबरदस्त आकडा आहे. पण पाच वाजता, पाऊस पडत असताना, तो कुणाला उठवत नाही. उठवतो चौकात उभा असलेला माणूस.

उभ्या सायकलीची हवा

संकल्प नेमके कुठे मोडतात हे ज्याला ठाऊक असतं तो माणूस म्हणजे पंक्चरवाला. सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत पत्र्याच्या टपरीत बसणाऱ्या मामांकडे मी दुपार काढली. ते म्हणाले, “नवी सायकल दोनदा येते. एकदा घंटी बसवायला, आणि मग चार महिन्यांनी दोन्ही चाकं बसलेली. पंक्चर नसतंच बऱ्याचदा. व्हॉल्व्हची रबरी नळी गेलेली असते.”

साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर शेंगदाण्याच्या पाकिटाला लावतात तेवढ्या बारीक रबराची इंचभर नळी असते. सायकल उभी राहिली की ती चिकटते, वाळते, चिरते, आणि हवा जाते. बदलायला दोन मिनिटं आणि किरकोळ पैसे. पण पाचला उठून खाली आलेल्या माणसाला बसलेलं चाक दिसतं, तो ‘पंक्चर आहे’ म्हणून वर जातो आणि परत झोपतो. दुसऱ्या दिवशी ऑफिस, तिसऱ्या दिवशी पाऊस. चौथ्या दिवसापासून सायकल म्हणजे कपडे वाळत घालायची जागा.

तेवढ्यात एक खरं पंक्चर आलं. मामांनी चाक न खोलताच दोन पान्यांनी टायरची कड उचलली, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात ती वीतवीत बुडवत नेली. एके ठिकाणी बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. तिथं काडेपेटीची काडी टोचून खूण. ट्यूब पुसून काचपेपरनं घासली, सोल्युशन लावलं, फुंकर न घालता वाळू दिलं, “फुंकलं की ओल धरते.” मग पॅच, वर हातोडीचे दोन हलके ठोके. पण ट्यूब आत घालायच्या आधी त्यांनी चिंधी गुंडाळलेलं बोट टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवलं आणि केसाएवढी पोलादी तार चिमट्यानं बाहेर काढली. ट्रकचे टायर फाटले की त्यांतल्या अशा तारा हायवेवर पसरतात. “पोरं घरी पंक्चर काढतात, तार आतच ठेवतात. मग संध्याकाळी परत बसलेलं. मग म्हणतात सायकल लाभत नाही.”

त्यांची टपरी नऊला उघडते. पहाटेच्या गिऱ्हाइकांसाठी पायपंप बाहेर झाडाला साखळीनं बांधून ठेवलेला असतो. पैसे डब्यात टाकायचे. टाकतात का? “कारखान्यावाले टाकतात.”

वीस मिनिटांची झोप

दांडेकर पुलाजवळ राहणाऱ्या एक ताई सिंहगड रोडवरच्या चार घरी पोळ्या करतात. पहिलं घर साडेसहाचं. त्या घरच्या मुलाची शाळेची बस पावणेसातला असते. आधी त्या चालत जायच्या, अर्धा तास. मुलीला नोकरी लागली, तिनं स्कूटी घेतली, आणि तिची जुनी लेडीज सायकल यांच्याकडे आली. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या शाळेच्या मैदानावर रात्री सायकल शिकल्या, दिवसा लोक हसतील म्हणून. आता दहा मिनिटं लागतात.

“मग लवकर पोचत असाल,” मी म्हटलं.

“लवकर कशाला? वीस मिनिटं जास्त झोपते.”

इतक्या लोकांशी बोलून झाल्यावर मला हे वाक्य मिळालं. सायकलीसाठी झोप मोडायची, असं धरून आपण चाललेलो असतो. या ताईंनी झोपेसाठी सायकल धरली. कोपनहेगनची महापालिका तिथल्या सायकलवाल्यांना वेळोवेळी विचारते की सायकल का चालवता. बहुसंख्य लोक सांगतात, लवकर होतं आणि सोपं पडतं. पर्यावरणासाठी म्हणणारे थोडे. म्हणजे ज्या गावाचं नाव आपण निश्चयाचं उदाहरण म्हणून घेतो, तिथंही लोक सोयच बघतात. फरक एवढाच, तिथं सोय बांधून दिलेली आहे.

ताईंना भीती दोनच गोष्टींची. एक, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे. दुसरी, कुत्री. पळत्या सायकलीच्या मागे ती धावतात, म्हणून त्या उतरतात, सायकल कुत्री आणि स्वतः यांच्यामध्ये ठेवतात आणि शांत चालत राहतात. “पळालं की संपलं.” सायकल ट्रॅकबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “तो गाड्या लावायचा आहे ना?”

चूक त्यांची नाही. बीआरटीच्या जोडीनं सातारा रस्त्याला, सोलापूर रस्त्याला ट्रॅक झाले. पेव्हर ब्लॉक, मध्येच खांब, मध्येच झाड, टोकाला अचानक फूटभर उतार, आणि वर दुचाकी उभ्या. महापालिकेनं २०१७च्या अखेरीस सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशेहून अधिक किलोमीटरच्या जाळ्याचं चित्र होतं. त्याच डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या, पुढच्या वर्षी गावभर पिवळ्या, केशरी सायकली दिसू लागल्या. लोकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, त्या खरोखर वापरल्या. मग कुलपं तुटली, काही सायकली नाल्यात सापडल्या, कंपन्यांचं गणित जमेना, आणि वर्ष-दीड वर्षात त्या दिसेनाशा झाल्या. यातून पुणेकरांना शिस्त नाही असा निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. मी मात्र हे पाहिलं की ज्या मुलानं सहा महिने रोज सायकल वापरली, त्याची सवय त्याच्या मनातून गेली नव्हती. ती स्टँडवरून गेली.

शेवटची लाइन

पहाटेचा खरा जाणकार मला अखेरीस साडेचारला भेटला. बारावी झालेला, पेपरची लाइन टाकणारा मुलगा. फूटपाथवर बसून पुरवण्या भरत होता, एकेका अंकात उजव्या हातानं अशी झटक्यात की पान दुमडत नव्हतं. गठ्ठे कॅरिअरवर आणि हँडलच्या पिशवीत वाटून घेतले. सगळं वजन मागे टाकलं तर पुढचं चाक उचलतं. दोनशेच्या आसपास घरं. तिसऱ्या मजल्यापर्यंत खालूनच गुंडाळी फेकतो, त्याच्यावर जावं लागतं. आठवीपासून करतोय, पावसाळ्यातसुद्धा. सुट्टी फक्त अंक निघत नाहीत त्या दिवशी.

त्याला पुढच्या महिन्यापासून एका दुकानात नोकरी लागली आहे, अकरा ते नऊ. लाइन धाकट्या मावसभावाकडे देतोय. तो शेजारीच डोळे चोळत उभा होता, कुठल्या दाराला कुत्रा आहे, कुठलं घर कुठला पेपर घेतं, हे पाठ करत.

इतक्या वर्षांची सवय आहे, मग आता पहाटे सायकलवर फिरायला जाणार का, असं मी विचारलं. त्यानं गाठ आवळली, स्टँड पाडला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं.

“नऊला उठणार मॅडम. एक तारखेपासून.”